बिलोलीत रडगाण्याला बंदी!

माय बाई! ऐकलं का? बिलोलीत म्हणे रडगाण्याला बंदी आली! सरकारनं नव्हे, मोबाइलनं घातली. कोंबडा आरवायच्या आधी सूर्यफुलासकट सुविचार हजर: वाईट विचार सोडा, चांगलं तेवढं धरा. सासू सुनेला धाडते, सून सासूला, एकाच घरातून. तोंडानं दोघींचं बोलणं बंद, ती गोष्ट निराळी!

परवा बसस्टँडवर एकजण नुसतं म्हणाला, "नांदेडची गाडी तासभर लेट हाय." झालं! शेजारचा अंगावरच आला, "निगेटिव्ह कामून बोलायलास? तासभर आराम मिळाला म्हण की!" सोयाबीन काढणीला आलं अन् मांजरेचं पाणी रानात शिरलं, तरी म्हणायचं काय, तर जमीन चांगली भिजली. कर्जाचा हप्ता आठवला की लांब श्वास घेऊन सोडून द्यायचा. हप्ता काही आपल्याला सोडत नाही, पण तो पडला निगेटिव्ह!

बरं, खूळ नवं म्हणावं तर तेही नाही. अमेरिकेत नॉर्मन व्हिन्सेंट पील नावाच्या धर्मोपदेशकानं १९५२ साली यावरच पुस्तक काढून लोकांना नादी लावलं. मुंबईत डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली पाचजणांचा हास्यक्लब काढला. विनोद संपले, तेव्हा बिनविनोदाचं हसायचं ठरलं! अन् या सगळ्यांच्या कितीतरी आधी आपल्या मराठवाड्यातल्या जांबच्या समर्थ रामदासांनी मनाची समजूत घालायला २०५ श्लोक रचले. एका सूर्यफुलात मन आवरत असतं, तर समर्थांनी एवढी शाई कशाला खर्चली असती?

खरी गंमत पुढंच आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली छापलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना बजावलं होतं: पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच मनात, तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या! दाराबाहेर ढकललेला विचार खिडकीतून आत येतो, तो असा.

तेव्हा बायांनो, बाप्यांनो, शेजारीण रडगाणं घेऊन दारात आली, तर तिला सूर्यफूल दाखवू नका. चहा टाका, पुरतं ऐकून घ्या. पोटातलं ओठावर आलं की तीच पदर खोचत विचारील, "भाजी काय केलीस गं?" त्या घडीला समजा, विचार सुटला.