कंसमामा

कंसमामा ही संगणक-उद्योगात सर्वत्र आढळणारी जात आहे. हिंजवडी, खराडी, ऐरोली अशा ठिकाणी प्रत्येक मजल्यावर एक तरी मामा असतोच. ‘कंचेभागुबेव’ या शालेय मंत्राच्या पहिल्या अक्षरापाशीच त्यांचा मुक्काम पडलेला असतो. ओळखण्याची खूण एकच: करंगळी शिफ्टवर, तर्जनी पाचावर.

या दोन कळा एकत्र दाबल्या की इतरांच्या पडद्यावर टक्क्याचे चिन्ह उमटते. मामांच्या विम या कोड-संपादकात मात्र कर्सर उडी मारतो. तो उघडत्या कंसावर असेल तर जोडीच्या बंद कंसावर जातो, बंद कंसावर असेल तर उघडत्यावर येतो. गोल, चौकटी, महिरपी, तिन्ही कंसांना हा नियम लागू आहे. कर्सर कंसावर नसेल, तर त्याच ओळीत पुढे जो पहिला कंस भेटेल त्याची जोडी शोधली जाते. हे सारे मामा लिफ्टमध्ये सांगतात. विचारलेले कुणीच नसते.

बिल जॉय यांनी १९७६ मध्ये बर्कलीत व्हीआय हा संपादक लिहायला घेतला आणि ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये त्याचा सुधारित अवतार विम लोकांपुढे आणला, हा इतिहास चौथ्या मजल्यापर्यंत आटोपतो. पाचव्यावर व्हीएस कोडवाल्यांचा उद्धार सुरू होतो. तिथे याच उडीसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि उलटी तिरकी रेघ अशा तीन कळा लागतात. “एका उडीला तीन बोटं? लोकांना वेळ कुठून मिळतो?” असे मामा विचारतात आणि त्यावर वीस मिनिटे बोलतात.

बोलण्यातही कंस असतातच. “कंसात सांगतो” म्हणून एक उपकथा उघडते, तिच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. चहावर साय धरते. ऐकणारा सुटकेचा मार्ग शोधू लागतो. पण मामा विसरत नाहीत. तिसरी बंद, दुसरी बंद, पहिली बंद, आणि मूळ वाक्य जिथे तुटले होते नेमके तिथून पुढे चालू. सोसायटीच्या ग्रुपवर सचिव घाईघाईत ‘पाणी उद्या येणार नाही (टाकी सफाईमुळे’ एवढेच टाकून मोकळे होतात. दोन मिनिटांत मामांचा संदेश येतो. त्यात फक्त एक बंद कंस असतो.

पायथन ही मामांची दुखरी जागा. तिथे ओळींचे गट महिरपी कंसांनी नव्हे, समासातल्या मोकळ्या जागेने बांधतात. मामा सवयीने शिफ्ट-पाच दाबतात आणि कर्सर प्रिंटच्या गोल कंसातच येरझारा घालतो. त्या दिवशी मामा डबा लवकर उघडतात.

या विद्येचा उपयोग काय, हे नवी भरती झालेली मुलगी रडकुंडीला आल्यावर कळते. कंपायलर चूक दाखवतो फायलीच्या अगदी शेवटच्या ओळीवर, आणि तिथे तर काहीच चुकलेले नसते. “सर, सगळं बरोबर आहे हो!” मामा खुर्ची ओढतात, फंक्शनच्या शेवटच्या महिरपी कंसावर कर्सर ठेवतात आणि शिफ्ट-पाच दाबतात. कर्सर फंक्शनच्या आरंभी जायला हवा. तो जातो दीडशे ओळी वर, मधल्याच एका ‘इफ’वर. म्हणजे त्या ‘इफ’चा कंस बंदच केलेला नाही, आणि फंक्शनचा कंस त्याने आपला म्हणून बळकावला आहे. मामा एक कंस टाकतात. मग अर्थातच व्हीआयचा इतिहास पहिल्यापासून सुरू होतो, पण ती मुलगी तो ऐकून घेते.

विम फुकट मिळतो. त्या बदल्यात युगांडातल्या किबाले इथल्या गरजू मुलांना जमेल तशी मदत करावी, एवढेच मूलेनार सुचवत. २०२३ मध्ये ते गेले. मामा ती मदत अजून पाठवतात आणि, जातीच्या स्वभावाविरुद्ध, कुणालाही सांगत नाहीत.

अलीकडचे संपादक उघडता कंस टाइप करताच बंद कंस आपणहून टाकतात, त्यामुळे ही जात कालबाह्य झाल्याचे व्यवस्थापन मानते. व्यवस्थापनाला उघडण्याची हौस दांडगी. दर तिमाहीला नव्या प्रकल्पाचा नारळ फुटतो, केक कापला जातो, फोटो निघतात. “आणि मागचा बंद कुठे झाला?” एवढा एकच प्रश्न मामा बैठकीत विचारतात, म्हणून पुढच्या बैठकीचे निमंत्रण त्यांना जात नाही. नोकरी सोडून गेलेल्यांचे अर्धवट प्रकल्प मात्र बिनबोभाट त्यांच्याच नावावर चढतात. बढती प्रकल्प उघडणाऱ्याला मिळते. बंद करणाऱ्याला दिवाळीत सुक्या मेव्याचा डबा मिळतो, आणि रात्री दोन वाजता सर्व्हर बसला की फोनही त्यालाच येतो.