उसन्या सुरकुत्या

सिनेमातल्या बाईचं वय जन्मदाखला नव्हे, मेकअपमन ठरवतो. पुरुषाचं कुणीच ठरवत नाही. तो साठीतही बागेत नाचतो.

रोहिणी हट्टंगडींचंच बघा. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून त्या रंगभूमीवर आल्या आणि तिशीच्या आसपास ॲटनबरोच्या 'गांधी'त कस्तुरबा झाल्या. कस्तुरबा गेल्या १९४४ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आगाखान पॅलेसमध्ये. म्हणजे पुण्यात जन्मलेल्या या मुलीला ऐन उमेदीत पुण्यातलंच म्हातारपणाचं मरण करून दाखवायचं होतं. तिने ते असं केलं की बाफ्टा घरी आलं. आपल्या निर्मात्यांनी त्यातून एवढाच बोध घेतला, की बाईंना पांढरे केस शोभतात.

मग १९८४चा 'सारांश'. निवृत्त हेडमास्तर झालेले अनुपम खेर तेव्हा २८ वर्षांचे आणि त्यांची बायको पार्वती झालेल्या रोहिणीताई जेमतेम तिशी ओलांडलेल्या. तरणंताठं जोडपं एकुलत्या एका मुलाच्या मरणाने खचलेलं. शेवटी नवरा म्हणतो, तुझ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांतच माझ्या आयुष्याचं सार आहे. आता या सुरकुत्या सकाळी काढलेल्या, पॅकअप झालं की पुसायच्या. हे पक्कं माहीत असूनही दर वेळी आवंढा येतो. म्हातारपण म्हटलं की नवखी नटी आधी कंबर वाकवते, मग आवाज थरथरवते. रोहिणीताईंची पार्वती थकलेली दिसते ती डोळ्यांत. कंबर आपली सरळ.

'अग्निपथ'मध्ये तर त्या अमिताभच्या आई! मुलगा आईपेक्षा चांगला काही वर्षांनी मोठा. पण जेवायला बसण्याआधी हात धुण्यावरून त्या त्याला असं सुनावतात की सहा फुटी गुंडही गप्प होतो, आणि आपणही नकळत आपल्या हातांकडे बघतो. फिल्मफेअर मिळालं, मिळायलाच हवं होतं.

पुढे टीव्हीवर 'चार दिवस सासूचे' आलं. नावात चार दिवस, चाललं मात्र दशकभर. घरोघरच्या सुनांनी ते सासूच्या शेजारी बसून पाहिलं, हे धाडस वेगळंच. मग 'होणार सून मी ह्या घरची'तल्या आईआजी.

आणि गंमत अशी, की खरोखरीची सत्तरी आली तेव्हा 'बाईपण भारी देवा'त त्या थोरली बहीण होऊन मंगळागौर खेळल्या. उलट्या चाललेल्या या घड्याळाचा हिशेब धरला, तर ऐंशीला कॉलेजकन्येची भूमिका यायला हरकत नाही. तिच्या आजोबांच्या भूमिकेसाठी बच्चनसाहेबांना विचारावं. 'अग्निपथ'ची फिट्टंफाट तरी होईल.