थेंबे थेंबे तेल साचे

बंगळुरात माझं पोट गळतीवर चालतं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून मेमरी कुठे गळते ते शोधायचं आणि ज्याने लिहिलं त्याला चारचौघांत सांगायचं, याचा मला पगार मिळतो. त्यामुळे स्वतःच्या ट्रॅक्टरखाली एका रविवारी भाकरीएवढा तेलाचा डाग दिसला, तेव्हा मी घाबरलो नाही. उलट बरं वाटलं. ही गळती निदान डोळ्यांना दिसत होती.

ट्रॅक्टर कशाला, हे आधी सांगायला हवं. २०२० साली कर्नाटकात कायदा बदलला, शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घ्यायची मुभा मिळाली, आणि आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना एकदम मातीची ओढ लागली. मी दोड्डबळ्ळापूरच्या पुढे दीड एकर नाचणीचं रान घेतलं आणि पाठोपाठ एक जुना ट्रॅक्टर. दीड एकराला ट्रॅक्टर म्हणजे डोसा उलटायला क्रेन, असं बायको म्हणाली. कंपनीचं नाव सांगत नाही. तिने तो बनवला तेव्हा मी शाळेत होतो, आता तिला बोल लावण्यात अर्थ नाही. तशी एचएमटी बंगळुराचीच. पण तिने १९६१ पासून घड्याळं केली ती इथे आणि १९७१ पासून ट्रॅक्टर केले ते हरियाणात, पिंजोरला. त्यामुळे या गावाला वेळ कळते, ट्रॅक्टर कळत नाही, अशी मी माझी समजूत घातली आणि गडहिंग्लजला आबांना फोन लावला.

"आबा, ट्रॅक्टर गळतोय."

"कुठनं?"

"खालून."

"खालनंच गळणार की. वरनं काय गळतंय? आलंय कुठनं ते बघ. आणि आधी धुऊन घे त्याला."

धुण्याचा सल्ला मला घरगुती वाटला, म्हणून मी तो बाजूला ठेवला आणि शास्त्राकडे वळलो. रंग बघितला. इंजिनचं तेल डिझेलच्या गाडीत काळंकुट्ट होतं, कूलंट हिरवं नाहीतर गुलाबी असतं, डिझेलला वास असतो. हे मधासारखं होतं, म्हणजे गिअरबॉक्सचं. आणि या ट्रॅक्टरात गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हायड्रॉलिक यांचं तेल सामायिक. एकत्र कुटुंब, पस्तीस लिटरचं. कुठल्या सुनेने सांडलं हे सांगणं कठीण. रात्री खाली 'प्रजावाणी' अंथरून ठेवला. मला कन्नड अजून अक्षर अक्षर जोडून वाचावं लागतं. तेल कुठे पडलंय हे बघता बघता त्या आठवड्यात माझे चार मथळे वाचून झाले. थेंब पडत होते ते क्लच हाउसिंगच्या तळाच्या भोकातून. तिथे एक लोंबती पिन असते. भोक बुजू नये म्हणून ती सतत हलती ठेवलेली असते, म्हणजे आत तेल आलं तर ते साचून न राहता खाली पडून चुगली करतं.

मग येलहंक्याहून मेस्त्री आणला. त्याला सगळे भाई म्हणतात. भाई ट्रॅक्टरखाली सरपटत गेला आणि तिथे पडल्या पडल्या शिशुनाळ शरीफांचं गळक्या माळवदाचं कन्नड पद गुणगुणू लागला. (त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.) बाहेर आल्यावर म्हणाला, "सीलां गए सो हैं, सार. गाडी फोडना पडता."

ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स हे एकमेकांना बोल्ट लावून जोडलेले, तेच त्याचं हाड. त्यामुळे आतलं शंभर-दीडशे रुपयांचं सील बदलायचं तर अख्खा ट्रॅक्टर कमरेत दोन करायचा. चेनपुली, लाकडी ठोकळे, दोन दिवस, अठरा हजार.

"नको," मी म्हणालो.

"नक्को?" भाई म्हणाला. मराठी माणसाला या शहरात हा एक शब्द भाषांतराशिवाय वापरता येतो, आणि नेमका तो पैसे वाचवायच्या कामाचा आहे.

आता आबांना व्हिडिओवर घेणं भाग होतं. सीमाभागातलं कन्नड त्यांना येतं. त्यांनी 'एनरी' म्हणून सुरुवात केली, भाईने दख्खनीत उत्तर दिलं, आणि मी, ज्याचा ट्रॅक्टर होता तो, मध्ये फोन धरून उभा राहिलो. पहिला प्रश्न आलाच: "धुतला का?" मी खोटं बोलणार होतो, पण कॅमेरा चालू होता. मग डिझेल आणि ब्रश घेऊन दोन तास घासला. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर बायकोची टाल्कम पावडर मारली, म्हणजे तेल जिथून निघेल तिथे ओली रेघ दिसेल. हायड्रॉलिकच्या पायपांपाशी मी बोटाने चाचपू लागलो तर आबा ओरडले, "बोट काढ! पुठ्ठा धर!" आत दीडशे-दोनशे बारचा दाब असतो, सुईएवढ्या भोकातून आलेली धार कातडीत घुसते. मी पुठ्ठा धरला. पुठ्ठा कोरडा. पावडर कोरडी. थेंब मात्र खालच्या भोकातून चालू, आणि इंजिन तापलं तसे जास्तच.

भाईने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात अठरा हजार होते.

"नाक बघितलंस का त्याचं?" आबा म्हणाले.

सीटखाली, हायड्रॉलिकच्या झाकणावर, बोटाएवढी एक टोपी असते. ब्रीदर. तेल तापलं की आतली हवा फुगते आणि ती तिथून बाहेर पडते. मी सीट उचलली. टोपीभोवती लाल मातीचं एक सुबक मडकं लिंपलेलं होतं. कुंभारीण माशीचं. कंत्राटदाराने इतकं पक्कं काम आमच्या सोसायटीच्या गच्चीवर केलं असतं, तर दर पावसाळ्यात बादल्या मांडाव्या लागल्या नसत्या. नाक बंद, मग आतली हवा जिथे कमजोर जागा मिळेल तिथून, म्हणजे म्हाताऱ्या सीलच्या कडेने, तेलाला ढकलत होती.

मडकं रिकामं होतं, पिल्लं केव्हाच उडून गेली असावीत. भाईने ते स्क्रूड्रायव्हरने हळूच उचकटलं, टोपी डिझेलमध्ये बुचकळली, फुंकली. ट्रॅक्टरने "फूस" केलं. पुढचा तासभर इंजिन चालवलं. थेंब कमी होत होत थांबले. भाईने दोनशे रुपये घेतले आणि सील केव्हा ना केव्हा जाणारच आहे, असं सांगून मला आशेवर ठेवलं.

"पावडरचा डबा रिकामा कसा?" या प्रश्नाचं उत्तर घरी मी अजून दिलेलं नाही.

पुढच्या रविवारी गेलो. 'प्रजावाणी' कोरडा होता, घडीही मोडली नव्हती. खात्री करायला सीट उचलली. टोपीच्या कडेवर, नखाएवढं ओलं लाल कड नुकतंच लिंपलेलं होतं, आणि बाईसाहेब पुढची मातीची गोळी तोंडात धरून मी बाजूला व्हायची वाट बघत होत्या.