साडेनव्याण्णवे

मराठीत आकड्यांची आडनावं काही कमी नाहीत. सातपुते आहेत, अष्टपुत्रे आहेत, सहस्रबुद्धे तर आहेतच. त्यांत आमच्या भोसरीच्या कारखान्याने एकाची भर घातली आहे : साडेनव्याण्णवे. हे गृहस्थ एका टेलिकॉम कंपनीच्या एंटरप्राइझ खात्यात आहेत, म्हणजे कंपन्यांना लाइनी विकतात. त्यांचं खरं आडनाव व्हिजिटिंग कार्डावर असतं, पण कार्ड दर वर्षी नवं येतं आणि जुनं कुठे जातं कळत नाही. “साहेब, साडेनव्याण्णव टक्के अपटाइम. लिहून देतो,” हे वाक्य मात्र कायम आहे. मालकांनी एकदा “अहो साडेनव्याण्णवे, चहा घेणार का?” असं विचारलं, त्यांनी “हो” म्हटलं आणि नाव चिकटलं.

अंबड, वाळूज, गोकुळ शिरगाव, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत जा, हा माणूस तुम्हाला भेटेल. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचा पट्टा, पाठीवर लॅपटॉपची सॅक आणि बुटांवर खडीचा धुरळा. खिशात दोन मोबाइल. एकात स्वतःच्या कंपनीचं सिम, ते दाखवायला. दुसऱ्यात प्रतिस्पर्ध्याचं, ते बोलायला. आमची शेड पत्र्याची आहे आणि पत्र्यातून मोबाइलचे सिग्नल आत येत नाहीत. त्यामुळे साडेनव्याण्णव्यांना स्वतःच्या साहेबांशी बोलायचं असेल, तर ते पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहतात. दुसऱ्या कोणाला याची लाज वाटली असती. ते तिथूनच ओरडले, “सर, तुम्हाला इन-बिल्डिंग सोल्यूशन लागणार!” आणि परत येताना कोटेशन टाइप करतच आले.

त्यांनी आम्हाला पहिल्यांदा विकली ती लीज लाइन. मालकांचा प्रश्न साधा होता : घरी इतक्या स्वस्तात इंटरनेट मिळतं, मग कारखान्याला दहापट पैसे कशाला? साडेनव्याण्णवे खुर्चीच्या कडेवर सरकले. “साहेब, घरचं ब्रॉडबँड म्हणजे चाळीतला सामायिक नळ. सकाळी सगळ्यांच्या बादल्या लागल्या की धार बारीक. लीज लाइन म्हणजे तुमच्या मोरीतला नळ. दुसऱ्या कोणाची बादली नाही, आणि येणाऱ्या पाण्याएवढंच जाणारं.” मालक गिरगावातल्या चाळीत वाढलेले. नळाचं नाव काढताच ते हळवे झाले आणि सही करून बसले.

अकाउंटच्या ताई मात्र चाळीतल्या नव्हत्या. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. “साडेनव्याण्णव म्हणजे अर्धा टक्का बंद. महिन्याचे ७२० तास धरले, तर ३ तास ३६ मिनिटं. वर्षाचे जवळजवळ ४४ तास. म्हणजे वर्षातून पावणेदोन दिवस लाइन बंद ठेवायची तुम्हाला परवानगी?” साडेनव्याण्णवे गोरेमोरे झाले नाहीत. ते म्हणाले, “ताई, म्हणून तर आमच्याकडे तीन नऊ, चार नऊ आणि पाच नऊ पण आहेत.” ९९.९ टक्क्यांत वर्षाला पावणेनऊ तास जातात, ९९.९९ मध्ये ५३ मिनिटं, ९९.९९९ मध्ये सव्वापाच मिनिटं. नऊचा एकेक आकडा वाढला की भाडं असं चढतं, की ताईंनी कॅल्क्युलेटर बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवला. आम्ही साडेनव्याण्णवातच समाधान मानलं.

सही झाल्यावर फिजिबिलिटी नावाचा प्रकार सुरू झाला. म्हणजे दोघे जण येऊन गेटपासून चौकापर्यंत चालत गेले, चौकात उभं राहून मान हलवली आणि निघून गेले. मग रस्ता खोदायची परवानगी, मग पावसाळा म्हणून खोदाई बंद, मग शेजारच्या कारखान्याच्या भिंतीवरून केबल न्यायला शेजाऱ्याची ना-हरकत. शेजारी नेमका आमच्या मालकांशी पार्किंगवरून बोलत नसे. या काळात साडेनव्याण्णव्यांनी आम्हाला प्रकाशाचा वेग शिकवला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे भोसरीहून मुंबईला जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा हजारावा भाग, फार तर दोन. वॉचमन मामांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग चौकातून गेटापर्यंत यायला त्याला चार महिने का लागले?” साडेनव्याण्णवे म्हणाले, “मामा, तो लास्ट माइल.”

लाइन लागली तसे ते थांबतील असं आम्हाला वाटलं होतं. पण लाइन हा त्यांच्या लेखी नुसता उंबरठा होता. दर तिमाहीच्या अखेरीस, म्हणजे टार्गेटचा हिशोब द्यायच्या आठवड्यात, ते नवीन वस्तू घेऊन हजर. आमची टेलिफोनची जुनी पीआरआय लाइन होती. एका तारेवर ३० माणसं एकदम बोलू शकत. ऑफिसात बोलणारी माणसं होती नऊ. त्यांनी ती काढून सिप ट्रंक दिलं, म्हणजे फोनही इंटरनेटच्याच केबलमधून. “हवे तेवढे चॅनेल घ्या, हवे तेव्हा वाढवा.” मग १८०० चा टोल-फ्री नंबर. फोन करणाऱ्याला फुकट, पैसे आमचे. मालकांना त्यात मोठी प्रतिष्ठा दिसली. त्या नंबरावर पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त फोन मालकांच्या सासूबाईंचे आले.

मग बल्क एसएमएस. २०१८ च्या ट्रायच्या नियमांमुळे कंपनीला स्वतःचं नाव, पाठवायचा मजकूर, सगळं आधी नोंदवून मंजूर करून घ्यावं लागतं. फसवणुकीचे मेसेज रोखायला हे हवंच. मालकांनी ग्राहकांसाठी दसऱ्याच्या शुभेच्छा लिहिल्या. मजकूर मंजूर होईपर्यंत दिवाळी आली. ‘दसऱ्याच्या’ खोडून ‘दिवाळीच्या’ करायचं, तर पुन्हा मंजुरी. साडेनव्याण्णवे म्हणाले, “साहेब, सणाचं नाव रिकामं सोडून नोंदवलं असतं तर चाललं असतं.” हे त्यांना दसऱ्याआधी सुचलं नव्हतं.

मग टेम्पोंना सिम. माल कुठे पोचला, डिझेल किती उरलं, हे टेम्पो आपलं आपण कळवणार. यंत्रांच्या सिमला १३ आकडी नंबर मिळतो, माणसांच्या सिमला १०. मामा म्हणाले, “टेम्पोची इभ्रत आपल्यापेक्षा तीन आकड्यांनी जास्त.” ही वस्तू मात्र खरोखर कामाची निघाली. चाकणहून परत येणारा टेम्पो रोज आळंदीमार्गे का येतो, याचा उलगडा झाला. ड्रायव्हर माळकरी होता. मालकांनी त्याला काही बोलायचं नाही असं ठरवलं.

२०२३ नंतर त्यांच्या बोलण्यात ‘नेटवर्क एपीआय’ शिरला. त्या वर्षी फेब्रुवारीत बार्सिलोनाला जगभरच्या मोबाइल कंपन्यांनी मिळून ओपन गेटवे नावाचा उपक्रम जाहीर केला. कल्पना चांगली आहे. तुमचा नंबर, तुमचं सिम, तुम्ही साधारण कुठे आहात, हे नेटवर्कला माहीत असतंच. बँकेने पैसे सोडण्याआधी नेटवर्कला विचारायचं, या नंबरचं सिम गेल्या दोन दिवसांत बदललंय का? नेटवर्कने ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगायचं आणि त्या एका शब्दाचे पैसे घ्यायचे. सिम बदलून खातं धुणाऱ्या चोराला त्याने आळा बसतो. पण साडेनव्याण्णवे ही सेवा आम्हाला विकायला आले. आमची गिऱ्हाइकं मोजकी, सगळी मालकांना आवाजावरून ओळखू येणारी. “त्यांतलं कोणी खोटं निघालं तर?” साडेनव्याण्णव्यांनी सुचवलं. मालक म्हणाले, “खोटी सगळीच आहेत. पैसे देतो म्हणतात आणि देत नाहीत. याचं काही एपीआय आहे का?”

कळस झाला तो खासगी फाइव्ह-जीचा. कारखान्याच्या आवारापुरतं स्वतंत्र नेटवर्क उभारायची वाट केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मोकळी केली. बंदर, खाण, मोटारींचा मोठा कारखाना, जिथे शेकडो यंत्रं आणि माणसाविना चालणाऱ्या गाड्या एकमेकांशी बोलतात, तिथे त्याचा उपयोग आहे. आमच्याकडे सहा लेथ, चार सीएनसी आणि एक हातगाडी. “हातगाडीपासून सुरुवात करू,” साडेनव्याण्णवे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. त्या दिवशी मार्चची २९ तारीख होती.

या माणसावर हसणं सोपं आहे, पण त्याच्यामागे काय लागलंय तेही बघायला हवं. एके काळी टेलिफोन खात्याच्या दारात गिऱ्हाईक उभं असे. आमच्या मालकांच्या वडिलांनी फोनसाठी पैसे आधी भरले आणि वर्षानुवर्षं वाट बघितली. मुंबईत १९८६ पासून एमटीएनएल होती. पुण्याला थेट खातंच होतं, त्याचं बीएसएनएल झालं २००० च्या ऑक्टोबरात. तेव्हाचा टेलिफोन इन्स्पेक्टर आला, की वडील स्वतः खुर्ची पुसून देत. आता खुर्चीच्या कडेवर टेलिफोनवाला बसतो. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ बाजारात उतरली, डेटाचे दर कोसळले आणि साध्या ग्राहकाकडून चार पैसे सुटणं अवघड झालं. तेव्हापासून सगळ्याच कंपन्यांचं लक्ष कारखाने, बँका, इस्पितळं यांच्याकडे जास्तच वळलं आहे, कारण ही मंडळी काही वर्षांचा करार करतात आणि भरवशासाठी जादा मोजतात. नुसती तार विकणाऱ्याला भाव नाही. तारेवर काहीतरी विकलं पाहिजे. वरचे साहेब हे पडद्यावर दाखवतात, आणि ते पायी चालून विकायचं काम साडेनव्याण्णव्यांकडे येतं.

म्हणून ते नोकऱ्याही बदलतात. आमच्याकडे येऊ लागल्यापासून ही त्यांची तिसरी कंपनी. नव्या कंपनीत गेले की पहिल्याच भेटीत जुनीची लाज काढतात. “सर, ती लाइन मी विकली होती, मलाच माहीत ती कशी आहे ते.” या युक्तिवादाला तोड नाही. त्यावर भाळून आम्ही त्यांच्याकडून दुसऱ्या कंपनीची लाइनही घेतली, पहिली बंद पडली तर बॅकअप म्हणून. जोडायला आला तो जुनाच पोरगा, जुन्याच ठेकेदाराचा. त्याच चौकातून, त्याच भिंतीवरून केबल आली. आम्हाला वाटलं, पोराला रस्ता ठाऊक आहे म्हणून.

मग एका पावसाळी सकाळी चौकात ड्रेनेजसाठी जेसीबी आला. खोदण्याआधी खाली कोणाच्या केबली आहेत ते कळवायचं-विचारायचं ॲप सरकारने २०२३ मध्ये काढलं आहे. जेसीबीवाल्याने ते उघडलं नसावं. त्याने एक घास घेतला आणि आमच्या दोन्ही लाइनी एकदम गेल्या. दोन कंपन्या, दोन करार, दोन बिलं आणि चर एकच.

कारखान्यात हलकल्लोळ झाला. सगळा हिशोब क्लाउडवर. मोबाइलचं इंटरनेट वापरावं, तर ज्या मोठ्या कंपनीला आम्ही माल देतो तिचं पोर्टल फक्त आमच्या ठरलेल्या आयपी पत्त्यावरूनच उघडतं. ट्रक भरून गेटात उभे. तक्रार केंद्रातल्या बाईंनी फार गोड आवाजात तिकीट नंबर दिला. दुसऱ्या कंपनीच्या बाईंनी त्याहून गोड आवाजात दुसरा दिला. शेवटी मी साडेनव्याण्णव्यांना फोन लावला. विकणं झालं की दुरुस्तीशी त्यांचा संबंध नसतो, तसं त्यांच्या नेमणूकपत्रातच आहे. तरी अर्ध्या तासात ते मोटारसायकलवरून भिजत आले.

यंत्र लावून पाहिलं तेव्हा तुटकं टोक सापडलं. केबलमध्ये प्रकाशाचा ठोका सोडायचा, तो किती वेळाने परत येतो त्यावरून अंतर काढायचं. काचेचा तंतू केसाएवढा, आणि प्रकाश जातो तो त्याचा गाभा तर नऊ मायक्रॉनचा. दोन टोकं विजेच्या ठिणगीने वितळवून जोडावी लागतात, आणि त्यात पाण्याचा थेंब चालत नाही. पोरगा खड्ड्यात बसून एकेक तंतू जोडत होता. साडेनव्याण्णवे खड्ड्यात उतरून पोराच्या यंत्रावर छत्री धरून उभे होते, स्वतः भिजत. आधी आपल्या आताच्या कंपनीची लाइन जोडून घेतली. मग पोराला म्हणाले, “भावा, ती पण जोड. ती पण मीच विकलीय.” अकरा तासांनी दोन्ही सुरू झाल्या. चिखलातून वर येताच ते मला म्हणाले, “सर, तिसरी लाइन वायरलेस घ्या. हवेत जेसीबी चालत नाही.”

नुकसानभरपाईचा हिशोब ताईंनी केला. महिन्याचं भाडं १५,०००, म्हणजे तासाला २० रुपये ८३ पैसे. अकरा तासांतले ३ तास ३६ मिनिटं करारानेच माफ. उरलेल्या ७ तास २४ मिनिटांचे १५४ रुपये, तेही पुढच्या बिलातून वजा. ट्रकवाल्यांनी खोटीचे मागितले ते आकडे इथे देत नाही.

माझं मत झालं ते असं. कंपन्या नेटवर्कवर कितीही सेवा चढवोत, व्यवसाय चालवणारा माणूस शेवटी एकच गोष्ट विकत घेतो : बिघडल्यावर उत्तर देणारं कोणीतरी. तेव्हा तुमच्या दारी कोणी साडेनव्याण्णवे आले, तर टक्क्यांवर घासाघीस करू नका. दोन्ही केबली कोणत्या रस्त्याने येतात त्याचा नकाशा मागा. लाइन बंद पडल्याचं घड्याळ तार तुटल्यापासून चालतं की तक्रार नोंदवल्यापासून, ते लिहून घ्या. आणि रात्री अडीच वाजता फोन कोण उचलणार, तो नंबर घ्या. पहिल्या दोन गोष्टी कंपनी देईल. तिसरी साडेनव्याण्णवेच देतील, आणि तिचा दर कुठल्याही कोटेशनात नसतो. म्हणून त्यांना चहा जरूर विचारा, पण हातगाडीला फाइव्ह-जी घेऊ नका.