दुर्बीण ठेवा की हो खाली!

अहो, ऐकलंत का? काकूंकडे विहीणबाई आल्यात पुण्याहून. हो, त्याच, लंडनवाल्या सुनेची आई. आंब्यासाठी आल्यात असं काकू सांगतायत सगळीकडे, पण आंबा कसला नि काय! आल्यापासून हातातला मोबाइल खाली नव्हता. मागे एकदा मी शेवग्याच्या शेंगा द्यायला गेले, तर ओट्यावर लोणच्याच्या बरणीला टेकवलेला फोन, फोनात ती पोर, आणि ह्या म्हणतायत, "आता कुकर लाव. मी आहे हो इथे, शिट्ट्या मोजते." म्हणजे शिट्ट्या लंडनात आणि मोजणारी रत्नागिरीत!

काकू शेजारीच वाल सोलत होत्या. तोंडातून शब्द नाही, पण साली कशा भिरकावत होत्या ते बघायला हवं होतंत तुम्ही.

तुम्ही नव्हता नाही का संक्रांतीच्या हळदीकुंकवाला? काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमची सून अगदी रमली हो तिकडे." तर मधल्या आळीतल्या वहिनींची धाकटी, तिची मैत्रीण ती, पटकन बोलून गेली, "रमली कुठली? रोज रात्री रडते. चार वाजले की काळोख होतो, म्हणते, आणि हा येतो साताला." झालं! काकूंच्या हातातला तिळगूळ हातातच. अत्तरदाणी कोणापुढे धरलीय याचंसुद्धा भान नाही.

बाकी पोरीचं चुकलं असं नाही म्हणत मी. इथे बँकेत होती, काउंटरवर चार माणसं नावाने हाक मारायची. तिकडे नवऱ्याची नोकरी आणि हिच्यापुढे चार भिंती. डिसेंबरात लंडनला खरंच चारच्या आत सूर्य बुडतो हो. आपल्याला चहाची वेळ ती, आणि तिकडे दिवेलागण होऊन गेलेली. तक्रार करायची सोय नाही, कारण इकडे सगळे म्हणणार, "काय मेलं दुखतंय? फॉरेनला आहेस ना?"

तर काय सांगत होते... हां, विहीणबाई. म्हटलं, ह्यांना जरा बाहेर काढू. नेलं दोघींना थिबा पॉइंटवर. खाली भाट्याची खाडी, पूल, राजिवड्याच्या होड्या, पलीकडे समुद्र. बसल्या, आणि सूर्य खाली जायला लागला तशी ह्यांची गंगा-यमुना सुरू. "माझी लेक त्या समुद्रापलीकडे एकटी..."

आता मला सांगा, थिबा राजाच्या वाड्याशेजारी बसून हे बोलायचं? मी म्हटलं, "विहीणबाई, ह्या वाड्यातला माणूस काय करत बसायचा माहित्येय का? गॅलरीत दुर्बीण घेऊन समुद्रावरची जहाजं बघायचा म्हणे!" आपण कायम ऐकत आलोय, पण पुण्याच्या माणसांना काय त्याचं! मग सांगितलं सगळं. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशातलं मंडाले घेतलं, राजाला बोटीत घातलं, आधी मद्रास, आणि १८८६ च्या एप्रिलात आपल्या रत्नागिरीत. वय पुरतं तीस नाही. बरोबर सुपयालत राणी, तिची धाकटी बहीण म्हणजे दुसरी राणी, आणि मुली. राजाचं ते नगामौक माणिक म्हणे कर्नल स्लेडन "सांभाळतो" म्हणून घेऊन गेला, ते गेलंच. राजा जन्मभर पत्रं लिहितोय, कुठाय माझं माणिक? आणि गंमत बघा, आपल्या बहादूरशहाला १८५८ मध्ये ह्यांनी रंगूनला नेऊन टाकलं होतं. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे!

हा वाडा मिळाला १९१० साली, तोवर दुसऱ्या बंगल्यांत काढली वर्षं. पण राणीचा तोरा मंडालेचाच. नोकरांनी समोर यायचं ते गुडघ्यांवर रांगत. राज्य गेलं, पण रांगणं राहिलं. आणि थोरली राजकन्या? हो, तीच. दारावरच्या गोपाळ सावंतावर जीव जडला, १९०६ साली मुलगी टूटू झाली. आईचा चेहरा काय झाला असेल! दुसरी पळाली तिच्या मनातल्या माणसाकडे. तिला आणायला राजाने मोटार धाडली म्हणे, आणि मोटार रिकामी आलेली बघून राजाच्या छातीत कळ आली ती आलीच. १९१६ च्या डिसेंबरात गेला. राणी म्हणे, देह मायदेशी नेणार. सरकार म्हणे, नाही. दोन वर्षांवर तसाच ठेवलेला, शेवटी १९१९ मध्ये इथेच समाधी. २०१२ मध्ये ब्रह्मदेशचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन आले होते ना दर्शनाला, तिथेच.

विहीणबाई डोळे पुसून म्हणाल्या, "तो कैदी होता हो. माझी मुलगी कैदी नाहीये."

मी म्हटलं, "तेच तर! मग कैद्यासारखी का बसवलीत तिला? हा फोन म्हणजे दुर्बीणच की. दिवसभर ती इकडे बघणार, तुम्ही तिकडे बघणार, शेजारच्या दाराची बेल कोण वाजवणार?"

अस्सा चेहरा उतरला म्हणता! आणि काकू? काकूंना मनातून गुदगुल्या, पण चेहरा साळसूद. त्यांच्याकडे वळून म्हटलं, "तुम्हीही काही कमी नाही. 'रमली, रमली' सांगत सुटायचं, म्हणजे पोरीला रडायचीही चोरी." मग दोघींचे चेहरे एकसारखे. माझं तोंड ना, मेलं राहत नाही. पण मला राणीपेक्षा ती थोरलीच शहाणी वाटत आलीय. बदनामी झाली, गरिबी आली, पण सगळी ब्रह्मदेशी परत गेल्यावर ही लेकीला घेऊन रत्नागिरीतच आली. टूटू तर इथेच म्हातारी झाली, आपल्यासारखीच मराठी बोलायची, २००० साली गेली. आता काकू म्हणतात, "त्यात कसलं शहाणपण, हाल झाले तिचे." तेही खरंच. खोटं कशाला बोलू?

तर... लंडनला ते महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ सालचं. विहीणबाईंनी त्याच रात्री फोनवर सांगितलं म्हणे, "मी आता रविवारीच फोन करीन, तू मंडळात जाऊन ये." पोर तीन दिवस रुसली. चौथ्या दिवशी गेली. तिथे कुणी देवरुखच्या आजी भेटल्या, दोघींच्या कुळथाच्या पिठावरून गप्पा सुरू, आणि आता काय, शनिवार-रविवार पोर घरी सापडत नाही! नोकरी अजून नाही मिळाली, काळोख परत नोव्हेंबरात येणारच आहे, पण आवाज बदललाय, असं विहीणबाई म्हणतात.

आणि खरी गंमत कालची. काकूंनी मोठ्या उत्साहाने विचारलं, "गणपतीला तिकिटं कधीची काढताय?" तर सूनबाई म्हणाली, "अहो आई, ह्या वर्षी नाही जमणार. मंडळाच्या मोदकांचं माझ्याकडे आहे." अहो, काकू फोन हातात धरून नुसत्या बघतायत! विहीणबाई खुदकन हसल्या आणि आत गेल्या आंबा चिरायला. आल्यापासून पहिल्यांदा हो, काकूंनीच सांगितलं. सांगताना काय चेहरा होता म्हणता...