डॉक्टरांची गाडी

माझी गाडी २०१२च्या पासिंगची वॅगन आर. रंग रुपेरी, म्हणजे मॉलच्या पार्किंगमध्ये आपली म्हणून हमखास दुसऱ्याच्याच दाराला किल्ली लावायची असा रंग. ती विकायचं ठरलं तेव्हा घरात माझ्याखेरीज कुणालाच वाईट वाटलं नाही. मेट्रो आली होती, माझी मान पुरती वळेनाशी झाली होती, आणि रिव्हर्स घेताना सोसायटीच्या फाटकाचं मी जे केलं त्याची नोंद वार्षिक सभेच्या इतिवृत्तात रीतसर झाली होती. प्रश्न उरला तो एवढाच, की गाडी द्यायची कुणाला? डीलरला, की थेट वापरणाऱ्याला?

मेहुणा म्हणाला, "भावोजी, डीलरला द्या आणि मोकळे व्हा." हा माणूस जन्मभर सगळं देऊन मोकळा होत आलेला आहे. त्याच्या सांगण्यावरून मी एकदा शेअर विकून मोकळा झालो होतो; ते शेअर अजून चढतायत. त्यामुळे गाडी थेट विकायची हे मी जागच्या जागी ठरवून टाकलं. तरी दोन्ही बाजू ऐकून घेतल्यासारखं दिसावं म्हणून जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा माणूस घरी बोलावला.

माणूस कसला, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. हातात टॅब, खांद्याला पिशवी. पिशवीतून त्याने एक छोटं यंत्र काढलं आणि ते पत्र्याला टेकवत तो गाडीभोवती फिरू लागला. रंगाची जाडी मोजतात म्हणे त्याने. कारखान्यातला रंग पातळ असतो. ठोकून, लांबी भरून पुन्हा मारलेला जाड.

"सर, डावीकडचं मागचं दार रिपेंट आहे."

"छे."

"पुढचंही आहे."

"शक्यच नाही."

"फाटक!" गॅलरीतून बायको ओरडली.

नंतर त्याने बॉनेट उघडून आतले पत्र्याचे सांधे बघितले, टायरच्या खाचांत बोट घातलं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर जोडून गाडीची कुंडली टॅबवर उतरवून घेतली. हे सगळं चाललं असताना मी त्याला गणपतीपुळ्याची हकीकत सांगायला घेतली. भर पावसात, रात्री, आंबा घाटात वायपर बंद पडलेले, मागे सासूबाई, आणि तरीही या गाडीने आम्हाला... "सर," तो म्हणाला, "दुसरी किल्ली आहे का?"

नव्हती. त्याचेही पैसे कापले गेले.

ॲपवर गाडीची माहिती भरली तेव्हा १,८०,००० दाखवले होते. तपासणीनंतर आकडा आला १,२२,०००, आणि तोही त्या रात्रीपर्यंतच. मी चिडलो. पोरगा मात्र शांतपणे समजावत होता: गाडी न्यायची, डेंटिंग-पेंटिंग करायचं, गिऱ्हाईक लागेपर्यंत यार्डात ठेवायची, तोवर भांडवल अडकलेलं, शिवाय नफ्यावर जीएसटी. लहान गाड्यांना तो आधी १२ टक्के होता, २०२५च्या सुरुवातीपासून सरसकट १८ झाला.

"आणि मीच थेट कुणाला विकली तर?"

"तुम्हाला नाही लागत, सर."

झालं. हे १८ टक्के आता माझेच, असं मी धरलं. तो कर डीलरच्या नफ्यापुरता असतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नसतो, हे त्याने मला दोनदा सांगितलं होतं. पण मी तेव्हा मनातल्या मनात २,२५,००० पासून आकडेमोड सुरू केली होती.

जाहिरात मी स्वतः लिहिली. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाने लिहावी तशीच झाली ती. तिच्यात 'सुस्थितीत', 'निगुतीने वापरलेली' आणि 'कौटुंबिक कारणास्तव' हे सगळं होतं. गाडीचं मॉडेल तेवढं राहिलं होतं. ते मुलाने अमेरिकेतून फोन करून घालायला लावलं. फोटोआधी गाडी पॉलिश करून घेतली आणि बॅटरीही नवी टाकली, कारण जुनी सकाळी पहिल्या खेपेला नुसतीच उसासा टाकायची. ही गाडी एप्रिल २०१९च्या आधीची, त्यामुळे ती नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावणंही आलं. तिच्याशिवाय आरटीओत गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. तिचे ७४५ रुपये आणि वर जीएसटी. जीएसटी भरताना मला पहिल्यांदा शंका आली की हे १८ टक्के मला वाटलं होतं तितके माझे नसावेत.

जाहिरात झळकल्यावर पाचव्या मिनिटाला पहिला मेसेज आला: "लास्ट?" एवढंच. मी उत्तर लिहिलं, "नमस्कार. आपला प्रश्न नीट कळला नाही." त्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

दुसरा मात्र अत्यंत सभ्य. लष्करात अधिकारी, बदलीच्या गडबडीत, गाडी न बघताच सांगितलेली किंमत कबूल. मला गहिवरून आलं. ॲडव्हान्स पाठवतो म्हणाला आणि एक क्यूआर कोड पाठवला: तो स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात. आता, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे बँका ओरडून सांगत असतात, आणि मीसुद्धा ज्येष्ठ नागरिक संघात त्यावर छोटंसं भाषण केलेलं आहे. तरी मी पिन टाकला. चुकीचा टाकला. पुन्हा टाकला, तोही चुकीचा. मला माझा पिन आठवेना! अधिकारी फोनवर धीर देत होता, "आराम से, सर, सोच के डालिए." तिसऱ्या खेपेला बँकेने दिवसभरापुरतं दार लावून घेतलं. माझ्या विसराळूपणाचा या घराला झालेला हा एकमेव फायदा असल्याचं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

मग प्रत्यक्ष माणसं यायला लागली. तोवर माझी अशी समजूत होती की ती गाडी बघायला येतात. डीलरचा पोरगा गाडी बघून गेला होता. ही मंडळी आम्हाला बघायला यायची. का विकताय? खरं सांगा, का विकताय? मुलगा काय करतो? अमेरिकेत? मग तुम्हाला पैशाची काय गरज? एक गृहस्थ खिशात लोहचुंबक घेऊन आले होते. लांबी भरलेल्या जागी तो चिकटत नाही. डाव्या दारावरून तो घसरून खाली पडला तेव्हा त्यांनी गाडीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. एका ताईंनी नंबरप्लेटवरच्या आकड्यांची बेरीज केली, ती आठ आली. आठ म्हणजे शनी. मी म्हटलं, तेरा वर्षं काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळलं नसेल." एक कुटुंब आजोबांपासून नातवापर्यंत आलं, माझ्या पेट्रोलवर कात्रजपर्यंत जाऊन आलं, पोहे खाल्ले, पोह्यांची कृती लिहून घेतली आणि अमावास्या असल्यामुळे टोकन न देता गेलं. अमावास्या संपून पौर्णिमाही झाली. बायकोला अजून त्यांचे सुविचार येतात.

या सगळ्यात भाव उतरत होता. सव्वादोन लाखांचे पावणेदोन झाले, पावणेदोनाचे दीड.

आणि मग तो आला. पन्नाशीचा, साधा शर्ट, पायात चप्पल. बरोबर एक तरुण मुलगी. दारावरची पाटी त्याने थांबून वाचली. "डॉक्टर का, सर?" मी खुलासा केला, औषधवाला नव्हे, पीएच.डी.वाला; विषय, लीळाचरित्रातील क्रियापदे. आजवर हा विषय ऐकून माणसं घड्याळ बघतात. हा खुर्ची पुढे ओढून बसला. "क्रियापदं म्हणजे कशी, सर?" मी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. चक्रधरांच्या तोंडची काही रूपं मी उभा राहून सांगितली. त्याने बॉनेट उघडलं नाही, चुंबक लावला नाही, बेरीज केली नाही. गाडीवरून नुसता हात फिरवला आणि म्हणाला, "मुलीला शिकायला पाहिजे, सर. चांगल्या माणसाची गाडी असली की भीती नसते."

मग हात जोडून, अगदी संकोचून, एक तीस म्हणाला. मी एक चाळीस म्हणणार होतो, पण लीळाचरित्रात रस असलेल्या माणसाशी घासाघीस करणं मला शोभेना. मुलगी जाताना त्याला म्हणाली, "शेठ, किल्ली माझ्याकडे द्या." हल्लीच्या मुली वडिलांना लाडाने काय काय म्हणतात!

पैसे खात्यात आले. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, ज्यांना आरटीओपाशी सगळे टीटी फॉर्म म्हणतात, त्यांवर मी सह्या केल्या. तारीख आणि घेणाऱ्याचं नाव या जागा मोकळ्या होत्या. "ते एजंट भरतो, सर," तो म्हणाला, आणि ज्याने माझं अर्धं प्रबंधवाचन ऐकलं त्याच्यावर अविश्वास कसा दाखवणार? बाहेर मी किंमत एक नव्वद सांगितली. मेहुण्याला, फिरायच्या ग्रुपला, सोसायटीच्या सेक्रेटरीला. घरातली बेरीज बायकोने केली: डीलरपेक्षा ८,००० जास्त मिळाले, त्यातून बॅटरी, पॉलिश, नंबरप्लेट, पेट्रोल आणि पोहे वजा. उत्तर तिने मोठ्याने सांगितलं नाही. विमा एजंट तेवढा आनंदाची बातमी घेऊन आला. पाच वर्षं क्लेम न केल्याचा ५० टक्के बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो; पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांत घेतलेल्या नव्या गाडीला तो लागू होतो. म्हणजे माझ्याकडे आता ५० टक्के सवलत आहे. गाडी नाही.

काही आठवड्यांनी मोबाइलवर ई-चलान आलं. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, ताशी ११२. मर्यादा १०० ची. फोटोत माझी वॅगन आर. माझ्या हातात ती ऐंशीच्या पुढे गेली की पत्रे थरथरायचे आणि बायको स्तोत्र सुरू करायची. इकडे ही बया एकशे बाराने पनवेलकडे निघालेली! दंडापेक्षा मला तो अपमान जास्त लागला.

मी फोन केला. "होतंय नावावर, सर," तो म्हणाला. "गिऱ्हाईक लागलं की लगेच."

"गिऱ्हाईक? अहो, मुलीला शिकायचं होतं ना?"

"शिकली, सर."

मग मी वाचन केलं, जे आधी करायचं असतं. गाडी विकल्यावर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५०. रजिस्टरमध्ये नाव ज्याचं, मालक तो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. गाडी विकलेली, तिथून पुढे आणखी हातोहात गेलेली, मग अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी आली ती नोंदीवरच्या पहिल्या मालकावर. आणि खरं जिव्हारी लागलं ते पुढे: १ एप्रिल २०२३ पासून डीलर परवानाधारक असेल तर २९-सी नंबरच्या फॉर्मवर गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं कळवायची सोय आहे, आणि तिथून पुढे मालक म्हणून तो डीलर धरला जातो. म्हणजे त्या यंत्रवाल्या पोराला गाडी दिली असती, तर एकशे बारा त्याच्या नावावर लागले असते. मी डीलरला टाळून थेट माणसाला विकायला निघालो, आणि विकली ती डीलरलाच. भाव डीलरचा घेतला आणि जोखीम मात्र थेट विकणाऱ्याची.

आरटीओला रीतसर कळवण्यासाठी मी कागद जमवत असतानाच एका दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर, पलीकडून मोकळाढाकळा आवाज.

"डॉक्टरसाहेब का? पेशंट नाहीत ना समोर? तुमची वॅगन आर बघतोय इथं पनवेलला. डॅशबोर्डच्या खणात सर्व्हिसचं पुस्तक होतं, त्यावर तुमचा नंबर मिळाला. काचेवर पाटी लावलीय, 'सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी'. खरं आहे ना?"

दोन्ही विधानं तपासून पाहिली. एकही खोटं नव्हतं.

"खरं आहे."

"एसी?"

"पहिली पाच मिनिटं सोडली तर उत्तम."

"कुठं ठोकलीबिकली नाही ना?"

"रस्त्यावर कधीच नाही," मी म्हणालो.

"शेठ दोन दहा म्हणतोय. तुम्ही कितीला दिली, खरं सांगा."

खरं सांगायला माझं तोंड उघडलंही होतं. पण सोफ्यावर मेहुणा बसला होता, आणि फोन स्पीकरवर होता.

"एक नव्वद."

"म्हणजे शेठ वीसच कमावतोय की! मग काय वाईट नाही."

"अजिबात नाही," मी म्हणालो. "घ्या तुम्ही. आजच घ्या. आणि नावावर लगेच करून घ्या."

"घेतो. डॉक्टर आहात म्हणून विश्वास. बरं साहेब, फोन केलाच आहे तर विचारतो, उजवा गुडघा फार दुखतो हो जिना चढताना. काय घेऊ?"

"आधी फॉर्म ३० भरा," मी म्हणालो. "मग गुडघ्याचं बघू."