देवीने धाडलेला तंबोरा

बासरला गोदाकाठी ज्ञानसरस्वतीपुढे मुलांना अक्षर गिरवायला बसवतात. त्याच गावात मामांनी होम थिएटर बसवलं आणि देवीने वीणेऐवजी तंबोरा धाडला. गाणं असो-नसो, स्पीकरमधून अखंड खर्ज: हूंऽऽऽ.

मेकॅनिक आला. त्याने अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी, जाड अर्थिंगची पिन पक्कडीने उडवली. हूं थांबलं, मामा खूश! कुत्रं भुंकतं म्हणून राखणदारच काढून टाकला. उद्या पत्र्यात करंट उतरला, तर गुणगुण नाही, थेट किंकाळी.

दुखणं साधं होतं. टीव्हीच्या केबलच्या तारेचं अर्थिंग एकीकडे, अ‍ॅम्प्लिफायरचं दुसरीकडे. दोघांचं पटेना, म्हणून ५० हर्ट्‌झचा प्रवाह ऑडिओ वायरच्या जाळीतून घिरट्या घालत होता. मी नवा तीन पिनांचा प्लग लावला, हूं परतलं. टीव्हीवाल्या केबलची तार उपसली, हूं गायब. चोर सापडला. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घेतली, केबलच्या तारेत आयसोलेटर बसवला.

मामा अजून हळहळतात, "पण तो तर शिकलेला होता रे!"

होता ना, मामा. अक्षर गिरवलं, 'अर्थ' तेवढा कापून टाकला.